जायच्या आधीची कामं

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ब्रदर होतो. रात्रपाळी संपली की रूमवर यायचं, दुपारपर्यंत झोपायचं आणि संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जायचं. वर्गात डुलकी लागायची. मॅडमना ते बरोबर दिसायचं आणि नेमका तेव्हाच त्या मला उभं करून म्हणायच्या, काल काय केलंस ते भूतकाळात सांग. काल काय केलं? एका बाबांना व्हेंटिलेटरवरून काढलं, दोन ॲडमिशन घेतल्या, पहाटे चारला चहा प्यायलो. त्यातलं चहा प्यायलो एवढंच मला जर्मनमध्ये सांगता यायचं. सगळा वर्ग हसायचा.

बॅचमध्ये निम्म्या केरळच्या मुली होत्या. त्यांच्यासाठी जर्मनीचा रस्ता मळलेला. नर्सेस जर्मनीला पाठवण्यासाठी केरळ सरकारच्या नोर्का या संस्थेनं 2021 मध्येच जर्मन यंत्रणेशी करार केला होता. त्याच्याही कितीतरी आधीपासून त्यांच्या मावश्या-आत्या तिकडे नोकरी करतायत. कुठल्या राज्यात कागद लवकर होतात, कुठल्या शहरात घरभाडं परवडतं, कुठला मालक बरा, हे त्यांना घरबसल्या कळतं. आम्ही मराठी पोरं मात्र आपापल्या घरातले पहिलेच. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या तालुक्याच्या गावीही जर्मन शिकवायची पाटी दिसायला लागली. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औशाच्या बाजूला. तिथल्या रसवंतीशेजारी 'तीन महिन्यांत जर्मन' अशी पाटी बघून मला हसू आलं. तीन महिन्यांत मला संख्याही नीट सांगता येत नव्हत्या. त्या भाषेत पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस मागून. मराठीतही तसंच आहे म्हणा. पण मी मनात इंग्रजीतून जायचो आणि अडकायचो. मराठीतून जायला लागलो तेव्हा औषधाचे डोस चटकन सांगता यायला लागले.

नर्सला तिथे पूर्ण मान्यता मिळायला जर्मन भाषेची साधारण बी-टू पातळी लागते. काही मालक बी-वनवर बोलावून घेतात आणि पुढचं तिथे शिकवतात. परीक्षेचे वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात. प्रत्येकाला शंभर गुण, पास व्हायला साठ. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, ही त्यातली मोठी सोय. आमच्या बहुतेकांचं घोडं ऐकण्यात अडायचं. काही उतारे एकदाच ऐकवतात आणि तेवढ्यात उत्तरांवर खुणा करायच्या. आयसीयूत मॉनिटरचे दहा आवाज एकदम चालू असताना कुठला खरा आणि कुठला वायर निघाल्याचा, हे माझ्या कानाला झोपेतही कळायचं. पण हेडफोनमधली एक बाई रेल्वेच्या उशिराबद्दल काय सांगतेय ते कळायचं नाही. बोट क्लब रोडवरच्या मॅक्समुल्लर भवनात परीक्षेच्या दिवशी बाहेर उभी असलेली मंडळी बघावीत. इंजिनियर, ट्रक चालवायचं लायसन घेऊन आलेले, आयटीआयवाले, नर्सेस, मास्टर्सला निघालेली श्रीमंत घरची पोरं. सगळ्यांच्या हातात सारख्याच घडी पडलेल्या झेरॉक्स.

एजंटांबद्दल सांगायलाच पाहिजे. मला भेटलेल्या पहिल्या माणसाचं ऑफिस चकाचक होतं. भिंतीवर युरोपचा नकाशा, टेबलावर छोटा झेंडा. त्यानं तीन लाख सांगितले. अर्धे आता, अर्धे व्हिसा आल्यावर. आणि मूळ सर्टिफिकेटं त्याच्याकडे जमा करायची. पैशांपेक्षा या दुसऱ्या अटीनं माझे कान टवकारले. मूळ सर्टिफिकेट दुसऱ्याच्या कपाटात ठेवणं म्हणजे नाक त्याच्या मुठीत देणं. आपल्याकडे 1983 चा उत्प्रवास कायदा आहे. त्याखाली नोंदणी असल्याशिवाय परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवता येत नाहीत. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही बघता येते आणि उमेदवाराकडून घ्यायच्या फीला तीस हजार अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. त्या माणसाचं नाव यादीत नव्हतं. वर नर्सेसच्या भरतीत खर्च मालकानं करायचा, नर्सनं नाही, असं मानणाऱ्या संस्थांना जर्मनीत वेगळं प्रमाणचिन्ह देतात. हे मला वर्गातल्या एका मल्याळी मुलीनं सांगितलं, तेही अगदी सहज. आमच्याकडे मात्र जमीन गहाण टाकून पैसे भरलेली दोन पोरं मला माहीत आहेत. त्यातलं एक अजून वाट बघतंय. मला शेवटी एका हॉस्पिटलाची थेट व्हिडिओ मुलाखत मिळाली. त्यांनी वर्गाची उरलेली फी दिली, तिकीट दिलं, आणि त्या बदल्यात ठरावीक काळ त्यांच्याकडे काम करायचं हे करारात लिहून घेतलं. मला ते रास्त वाटलं.

मग कागद. जर्मनीत सोळा राज्यं. नर्सिंगच्या शिक्षणाला मान्यता देणारं कार्यालय राज्याराज्याचं वेगळं आणि त्यांच्या मागण्याही थोड्या थोड्या वेगळ्या. एक मागणी मात्र सगळीकडे होती: शिकताना कुठल्या विषयाचे किती तास वर्गात झाले आणि किती वॉर्डात, हे कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी पाहिजे. माझ्या कॉलेजच्या क्लार्कनं असा कागद आयुष्यात कुणाला दिला नव्हता. तो म्हणाला, मार्कलिस्ट आहे ना, अजून काय पाहिजे. तक्ता मी स्वतः टाइप करून नेला, जुनी रजिस्टरं काढून त्याच्यासोबत बसलो, तेव्हा कुठे काम हललं. हिशेब होऊन तिकडून उत्तर आलं की वृद्धांची शुश्रूषा आणि घरी जाऊन करायची सेवा यांत तास कमी पडतात. बाळंतपणाच्या वॉर्डात मी घातलेले तास त्यांनी जवळजवळ धरलेच नाहीत. प्रसूतीचं काम तिथे वेगळं शिक्षण, वेगळा पेशा. म्हणजे जायचं, आधी मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करायचं, त्यांच्या देखरेखीखाली उरलेले तास भरायचे किंवा परीक्षा द्यायची आणि मग पूर्ण नर्स व्हायचं. पुण्यात सहा वर्षं आयसीयू केलेल्या माणसाला हे गिळायला जड जातं. आमच्यातल्या एकानं त्यावरूनच विचार सोडला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

नावांचा घोळ हा खास आपला. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडलांचं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माझं नाव आधी. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि 'दिलेलं नाव' या रकान्यात मी आणि वडील दोघं एकत्र. जर्मन कार्यालयाला तीन कागदांवर तीन माणसं दिसली. माझं प्रतिज्ञापत्रावर भागलं. माझ्यासोबतच्या एका सिस्टरचं तसं भागेना. नोंदणी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं पण मधलं नाव वडलांचंच राहिलेलं. तिला शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणावा लागला, कौन्सिलची नोंद बदलावी लागली आणि मग सगळ्याचं पुन्हा भाषांतर. भाषांतराचे पैसे पानावर. नवरा तिला म्हणाला म्हणे, नाव बदलायला सांगताना एवढा खर्च येईल हे कुणी बोललं नव्हतं. मी तिला म्हटलं, तुझ्या सासूबाईंना पाठव ते बिल.

तयारीतला माझा सगळ्यात आवडता भाग हॉस्पिटलातच झाला आणि त्याला एक पैसा पडला नाही. आपल्याकडे नर्स इंजेक्शन देते, सलाईन लावते, औषधं बघते, डॉक्टरसोबत राउंड घेते. रुग्णाला अंग पुसून देणं, भरवणं, लघवी-संडासाचं बघणं हे मावशी आणि मामा करतात, नाहीतर घरची माणसं. कॉलेजात आम्हाला सगळं शिकवलेलं असतं, पण आयसीयूत काही वर्षं काढली की त्यातला हात सुटतो. जर्मनीत मावशीही नाही आणि भेटायच्या वेळेनंतर खाटेशेजारी झोपणारा नातेवाईकही नाही. सकाळची पाळी लागली की नर्सनंच ओळीनं रुग्णांना धुवायचं, कपडे घालायचे, खुर्चीत बसवायचं, लागेल त्याला भरवायचं, आणि त्यातून वेळ काढून औषधं आणि लिहायचं काम. मुलाखतीत त्या बाईंनी मला तीनदा विचारलं होतं, हे काम करायची तयारी आहे ना? इथून गेलेले लोक तिकडे या कामावरून नाराज होतात, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग ठरवलं, की नुसतं हो म्हणून भागणार नाही.

आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या. वीसेक वर्षं तेच काम. मी त्यांना म्हटलं, मावशी, मला स्पंजिंग शिकवा. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाल्या, उद्या पहाटे पाचला ये, सहा नंबरच्या आजोबांचं करायचंय.

त्यांनी पाण्यात कोपर घालून बघितलं, हात नाही. हाताला सवय असते, त्याला गरम कळत नाही, कोपराला कळतं म्हणाल्या. चादरीनं आजोबांना गळ्यापर्यंत झाकलं, एक हात बाहेर काढला, पुसला, कोरडा केला, परत आत घातला. मग दुसरा. 'सगळा माणूस कधीच उघडा टाकायचा नाही ब्रदर. जेवढं धुतोय तेवढंच भायेर.' आणि सगळा वेळ त्या आजोबांशी बोलत होत्या. पाऊस पडला बरं का रात्री. आता पाठ करू हं. तुमचा नातू आला होता काल. आजोबा नळीवर होते, उत्तर देणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, त्यांना ऐकू तरी जात असेल का? मावशी म्हणाल्या, 'मुक्यानं धुतलं की माणसाला वाटतं, आपण भांडं झालो.' मग कुशीवर वळवून अर्धी चादर गुंडाळत पाठीखाली सरकवायची, नवी अर्धी पसरायची, दुसऱ्या कुशीवर घ्यायचं, जुनी ओढून काढायची. मी पुस्तकात हे वाचलं होतं, परीक्षेत पुतळ्यावर केलंही होतं. मावशींच्या हातात ते दोन मिनिटांत व्हायचं आणि माझ्या हातात आजोबांचा कॅथेटर ताणला जायचा. पुढचे काही आठवडे रात्रपाळी संपताना मी त्यांच्यामागे असायचो. भरवायचंही त्यांनीच शिकवलं. पाठ ताठ, हनुवटी खाली, चमचा अर्धाच भरायचा, आणि गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून मगच पुढचा घास. घाई करणाऱ्यानं भरवायला बसूच नये, हे त्यांचं ठाम मत.

बाकीचे ब्रदर हसले. 'जर्मनीला जाऊन म्हाताऱ्यांच्या आंघोळी घालणार?' हो, घालणार. ज्या कामावर आपली आख्खी हॉस्पिटलं उभी आहेत ते करणाऱ्या बाईला आम्ही नर्सेससुद्धा आमच्या टेबलावर चहाला बसवत नव्हतो. हे लक्षात यायला मला परदेशी जायचं निमित्त लागलं.

एवढ्या सगळ्याला निदान याद्या होत्या. अमुक कागद, तमुक शिक्का, बाण काढून दाखवलेला क्रम. घरचं काय काय करायचं याची यादी मात्र कुणी देत नाही. माझ्या मते खरी तयारी तीच होती आणि ती मी शेवटी धरली, कारण पुण्यातून गावी जाणं हे रात्रीच्या एका बसचं अंतर आहे, होईल कधीतरी, असं वाटत राहायचं.

वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. चार एकर रान आहे, सोयाबीन आणि तुरीचं. सातबारा अजून त्यांच्याच नावावर होता. गावात हे नवीन नाही. आजोबांच्या नावचे सातबारे घेऊन फिरणारे नातू ढिगानं सापडतील. पण एकदा मी गेलो की प्रत्येक सहीसाठी मला विमानानं आणावं लागणार. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते, एवढं वकिलाकडून समजून घेतलं. मग ई-हक्क संकेतस्थळावर वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावासाठी तो तलाठीच. त्यानं नमुना सहा-क मध्ये नोंद घ्यायची, फेरफार धरायचा, पंधरा दिवसांची नोटीस, हरकत नसली तर मंडळ अधिकारी मंजूर करणार.

वारस चार: आई, मी, धाकटा भाऊ आणि निलंग्याला दिलेली बहीण. इथे चुलत्यांनी तोंड घातलं. म्हणाले, 'ताईची हक्कसोड करून घ्या आत्ताच. तू चाललास, परत कवा येशील ठाव न्हाई. उगं चार नावं कशाला.' कायद्यानं ताईचा वाटा आमच्याइतकाच आहे आणि ती स्वतःहून सोडते म्हणाली तरच गोष्ट वेगळी. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, नाव लागणार. चुलते गप्प झाले, पण भाऊ बोलला. चिडून नाही, खाली बघून. 'दादा, कसणार मी. बी-बियाणं मी आणणार, पाण्याची मोटर मी चालू करणार. तू जातोयस, तुला काय सांगायला.' त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. त्या रात्री घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. सकाळी आईनंच विषय संपवला. 'तिचं नाव लागू द्या. पिकातलं काय द्यायचं, न्हाई द्यायचं, ते मी जिती हाय तवर मी बघते.' भाऊ मोटारसायकल काढून प्रतिज्ञापत्रावर सही घ्यायला निलंग्याला गेला आणि येताना ताईनं दिलेली लोणच्याची बरणी घेऊन आला. मनातलं सगळं गेलं असेल असं मला वाटत नाही. पण अर्ज गेला.

दुसरं म्हणजे फोन. आईच्या बँक खात्याला माझा नंबर. तिच्या आधारला माझा नंबर. गॅसला माझा, लाइट बिलाला माझा, ई-पीक पाहणीच्या ॲपलाही माझा. मी पुण्यात असताना भाऊ रानात उभा राहून फोन करायचा, 'दादा, ओटीपी आला का?' आणि मी आयसीयूच्या दारात येऊन आकडे सांगायचो. जर्मनीतून हे कसं जमणार? तिथे पहाटेचे चार वाजलेले असणार. एकेक नंबर बदलायला घेतला. बँकेत सही जुळली नाही, कारण आईनं खातं उघडताना अंगठा दिला होता आणि आता ती हौसेनं सही करते. आधार केंद्रावर बोटांचे ठसे लागेनात. खुरपं धरून, भांडी घासून बोटं झिजलेली. ऑपरेटरनं तेल लाव, पुसून घे, दुसरं बोट दे, असं करत सगळी दहा बोटं संपवली. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवर काम झालं. आई बाहेर येऊन म्हणाली, 'डोळं तरी शिल्लक हायेत म्हनायचं.'

माझं स्वतःचं खातंही बदलायचं होतं. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते अनिवासी म्हणजे एनआरओ करून घ्यावं लागतं. बँकेतल्या पोरीनं फॉर्म देताना विचारलं, सर, परत कधी येणार? मी म्हटलं, फॉर्ममध्ये तसा रकाना आहे का?

भावाच्या नावानं मुखत्यारपत्र केलं, पाचशेच्या मुद्रांकावर, जमिनीच्या कागदांसाठी आणि सोसायटीच्या कर्जासाठी. विक्रीचा अधिकार त्यात घातला नाही. त्यानं ते वाचलं, काही म्हणाला नाही.

आईला शुगर आहे आणि बीपी. मी घरी गेलो की मीच बघायचो, एरवी अंदाजपंचे. भावाला मशीन दिलं तर तो सुई टोचायला तयार होईना. जनावराला इंजेक्शन देताना बघितलेला गडी, पण आईच्या बोटाला हात लावला की त्याचाच हात थरथरायचा. त्याला दाखवलं: बोटाच्या मधोमध टोचायचं नाही, तिथे दुखतं आणि भाकरी थापताना झोंबत राहतं, कडेला टोचायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा पट्टीवर घ्यायचा. बोट दाबून पिळायचं नाही. रोज वेगळं बोट. आकडा वहीत लिहायचा आणि सत्तरच्या खाली आला तर आधी तोंडात साखर, मग मला फोन. वहीचं पहिलं पान त्यानं स्वतःच आखलं, तारीख, सकाळ, रात्र. सोयाबीनच्या फवारणीचा हिशेब ठेवतो तसल्याच वहीत.

बॅगेचं थोडक्यात सांगतो. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढा नाही, खवा नाही. ताजा कढीपत्ताही नाही. आईनं महिनाभर साय साठवून कढवलेलं तूप होतं. मी नको म्हटल्यावर ती म्हणाली, 'तूप काय बाँब हाय का?' तिला समजावताना मी आजारांचं, जनावरांच्या रोगांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपली म्हैस धडधाकट आहे. शेवटी ते तूप वर्गातल्या मॅडमना दिलं. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं थोडं पीठ मात्र गेलं. स्वेटर लोकांनी इतके आणून दिले की त्यातले निम्मे गावातच वाटले. कुकर नेला. तो नेण्याबद्दल आधी गेलेल्यांत कुणाचंच दुमत नव्हतं.

गावात पगाराची चर्चा जोरात होती. युरोचा आकडा कुणाला तरी कळला, त्याला शंभरानं गुणलं गेलं आणि मी पारावर लखपती झालो. कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा, म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा, असं सगळं कापून साधारण तिसरा हिस्सा जातो. एकट्या पेन्शनलाच पगाराच्या 9.3 टक्के आपले आणि तेवढेच मालकाचे. वर घरभाडं. हे मी दोघा-तिघांना सांगून बघितलं. त्यांना वाटलं, लोक उसने मागतील म्हणून मी रडगाणं गातोय. मग सांगायचं सोडून दिलं.

व्हिसाची मुलाखत मुंबईत झाली. खिडकीतल्या माणसानं कागद क्रमानं लावून घेतले, दोन साधे प्रश्न विचारले, बोटांचे ठसे घेतले. माझे पहिल्या झटक्यात लागले. नंतर बरेच आठवडे काही नाही आणि एका दुपारी पासपोर्ट घरी. फेरफार तोवर मंजूर झालेला नव्हता. मंडळ अधिकाऱ्याची बदली झाली होती, नवा आला नव्हता. तिकिटाची तारीख त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

इथे येऊन आता काही महिने झाले. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नाव नोंदवायचं असतं, ते केलं. सगळ्या सरकारी पत्रांवर माझ्या नावाला जोडून वडलांचं नावही येतं, ते माझंच दुसरं नाव आहे असं समजून. मी दुरुस्त करायला गेलो नाही. सकाळच्या पाळीत चार-पाच जणांना धुवायचं असतं. कोपरानं पाणी बघताना एका जर्मन सहकाऱ्यानं मला पाहिलं आणि भिंतीवरचा थर्मामीटर दाखवला.

गेल्या आठवड्यात भावानं नव्या सातबाऱ्याचा फोटो पाठवला. चारही नावं लागलीत. त्याच फोटोवर सोसायटीत पीककर्जाचं नूतनीकरण करायला तो गेला, तर सचिव म्हणाले, माणूस परदेशात आहे म्हणता, मग मुखत्यारपत्र तिथल्या आपल्या वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला पाहिजे. भाऊ म्हणाला, ते जायच्या आधी इथंच केलंय, लातूरला, तारीख बघा. वकील म्हणतात, चालायला पाहिजे. सचिव म्हणतात, वर विचारून सांगतो. पेरणीला थोडेच दिवस राहिलेत, म्हणून तूर्त ताईनं आपल्या खात्यातून बियाण्याचे पैसे दिलेत. मी वकिलातीची वेळ घेऊन ठेवली आहे, लागली तर असावी म्हणून. भावाला तसं कळवलं, तर म्हणाला, 'ते कर. आणि दिवाळीला आलास की आधी सोसायटीत ये, घरी मग.'